छपरावरची वीज आणि रात्रीचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याच्या हातात दोन कागद होते. त्याच्या वडिलांचे तालुक्याच्या बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान आहे. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत असे त्यांच्या मनात होते आणि एका व्यापाऱ्याने त्यांना दोन कोटेशने लिहून दिली होती. पहिल्यात २ किलोवॅटची पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, तारा व जोडणी मिळून १,३०,००० रुपये. दुसऱ्यात हेच सारे, शिवाय ५ युनिट वीज मावेल अशी लिथियमची बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर धरून २,६०,००० रुपये.

“सर, पॅनेल तीच, ऊन तेच. मग बॅटरी आली की किंमत एकदम दुप्पट कशी होते?” त्याने विचारले. थोडे थांबून तो म्हणाला, “बाबा म्हणतात दुसरंच घ्यावं, म्हणजे पुन्हा अंधारात बसायला नको. पण मग ताईच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात जातील.”

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जात आहे. याचे उत्तर व्यापाऱ्याच्या बोलण्यात नाही, तसेच नुसत्या उत्साहातही नाही. ते आहे नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आणि साध्या गुणाकार-भागाकारात. तेव्हा वही-पेन्सिल घ्या आणि त्या मुलाबरोबर आम्ही जो हिशेब मांडला तो तुम्हीही मांडून पाहा.

किलोवॅट निराळा, युनिट निराळे

पहिली गल्लत होते ती येथेच. किलोवॅट हे शक्तीचे एकक आहे, म्हणजे वीज किती वेगाने तयार होते किंवा वापरली जाते ते त्यावरून कळते. आपल्या बिलावर जे ‘युनिट’ असते ते मात्र ऊर्जेचे एकक आहे. १ किलोवॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट, म्हणजेच १ किलोवॅट-तास, खर्ची पडते. एक तासात ३,६०० सेकंद असतात, म्हणून १ युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल. नळाच्या पाण्याची धार म्हणजे किलोवॅट आणि खाली भरलेली बादली म्हणजे युनिट, असे समजा.

आता पॅनेलकडे वळू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याची सुमारे १,००० वॅट शक्ती पडते. बाजारात मिळणारे ५५० वॅटचे पॅनेल साधारण अडीच चौरस मीटरांचे असते. म्हणजे त्यावर अडीच हजार वॅटांहून थोडी अधिक शक्ती पडते आणि तिच्यातली सुमारे एकपंचमांश विजेच्या रूपाने हाती येते. उरलेल्या ऊर्जेतली बरीचशी पॅनेल तापविण्यात जाते. हे तापणे फायद्याचे नाही, बरे का! पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. घटाचे तापमान त्याहून एक अंश वाढले की शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. वैशाखात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ४० गुणिले ०.३५ म्हणजे १४ टक्के शक्ती तेथेच गेली. म्हणून कडक उन्हाचा दिवस हाच सर्वाधिक विजेचा दिवस असेल, असे नाही.

ढग, पावसाळा, धूळ, उष्णता हे सर्व जमेस धरून आपल्या भागात १ किलोवॅट पॅनेलपासून वर्षाला १,३५० युनिटे मिळतील असे आपण बेताने धरू. दोन किलोवॅटची झाली २,७००. योगायोग असा, की त्या मुलाच्या घरचा वापरही महिन्याला सरासरी २२५ युनिटे, म्हणजे वर्षाला २,७००च होता. रोजचा हिशेब ७.४ युनिटांचा. त्यातली सुमारे २.४ युनिटे दिवसा खर्च होत आणि जवळजवळ ५ युनिटे सूर्य मावळल्यावर. खरी अडचण या पाच युनिटांची आहे. ती दुपारी तयार होतात, पण हवी असतात रात्री.

पॅनेल स्वस्त कशी झाली?

प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्येच पाहिले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी १९५४ साली तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. किंमत इतकी की पहिली गिऱ्हाइके मिळाली ती अवकाशात. १९५८ साली सोडलेल्या ‘व्हॅनगार्ड १’ या उपग्रहावर सौरघट होते. आपल्या ‘आर्यभट’ उपग्रहालाही १९७५ साली सौरघटांनीच वीज पुरविली.

१९७० च्या सुमारास एक वॅटच्या सौरघटांना १०० डॉलरच्या आसपास पडत. त्या भावाने या मुलाच्या गच्चीवरील २,००० वॅटांना दोन लक्ष डॉलर लागले असते! आज कारखान्यातून निघणाऱ्या पॅनेलची किंमत वॅटला पाव डॉलरच्याही खाली आली आहे. सिलिकॉन वाळूत मुबलक आहे. त्याचे काप दिवसेंदिवस पातळ होत गेले, कार्यक्षमता तिपटीहून अधिक झाली आणि चीनमधील प्रचंड कारखान्यांत उत्पादन अफाट वाढले. जगातील एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे एकपंचमांशाने उतरते, असा गेल्या काही दशकांचा अनुभव आहे.

आता पहिल्या कोटेशनातील विजेचा भाव काढू. पॅनेल साधारण २५ वर्षे चालतात आणि दरवर्षी किंचित मंदावतात. म्हणून २,७०० गुणिले २५ म्हणजे ६७,५०० ऐवजी आपण ६०,००० युनिटे धरू. खर्च १,३०,००० रुपये. इन्व्हर्टर तितकी वर्षे टिकत नाही, म्हणून त्याची एकदा बदली व किरकोळ देखभाल यांसाठी ३०,००० रुपये अधिक धरू. एकूण १,६०,००० भागिले ६०,०००, म्हणजे युनिटला सुमारे २ रुपये ६७ पैसे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान ठरविण्यात आले. ते या घराला ६०,००० मिळते. ते वजा केले तर भाव १ रुपया ६७ पैशांवर येतो. या मुलाच्या घरचे बिल २२५ युनिटांना २,२५० रुपये येई, म्हणजे सरासरी युनिटला १० रुपये. पॅनेलची वीज स्वस्त आहे यात आता शंका उरली नाही.

वीज ठेवायची कशी?

धान्य कणगीत ठेवता येते, पाणी हौदात. वीज मात्र विजेच्या रूपात साठवून ठेवणे फार अवघड. ती दुसऱ्या कोणत्या तरी रूपात बदलून ठेवावी लागते आणि हवी तेव्हा परत बदलून घ्यावी लागते.

“सर, मग गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवून ठेवलं तर? रात्री ते खाली सोडून वीज करता येईल,” मुलगा म्हणाला. कल्पना उत्तम आहे, पण सूत्र लावून पाहू. टाकी १,००० लिटरची, म्हणजे १,००० किलोग्रॅम पाणी. उंची १० मीटर. स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १,००० × ९.८ × १० = ९८,००० जूल. आणि एक युनिट तर ३६ लक्ष जूल! म्हणजे एका युनिटासाठी अशा ३७ टाक्या लागतील आणि रात्रीच्या पाच युनिटांना जवळजवळ १८५.

हीच कल्पना सह्याद्रीच्या कड्यावर मात्र फळास येते. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवितात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज मिळवितात. तेथे उंचीतला फरक सुमारे चारशे मीटरांचा. तोच एक हजार लिटर पाण्याचा हिशेब केला तर ३९ लक्ष जूल, म्हणजे एका युनिटाहून किंचित अधिक येते. उंची चाळीसपट, ऊर्जाही चाळीसपट. पण आपल्या घराला चारशे मीटरांचा कडा कोठून आणायचा? म्हणून घरगुती साठवणीला बॅटरीच हवी.

इलेक्ट्रॉन पळतात, अणू झिजवतात

बॅटरी महाग का, हे कळण्यासाठी पॅनेल आणि बॅटरी यांच्या आत काय चालते ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

सौरघट हा सिलिकॉनच्या दोन थरांचा अर्धवाहक. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, एका बाजूस ढकलले जातात आणि तारेतून फेरी मारून परत येतात. सिलिकॉनचे अणू मात्र आपापल्या जागी स्वस्थ असतात. सायंकाळी घट जसा असतो तसाच तो सकाळी होता. म्हणूनच तो पंचवीस वर्षे टिकतो.

बॅटरीत याहून निराळे घडते. तेथे ऊर्जा रासायनिक बदलाच्या रूपाने ठेवलेली असते, म्हणजे प्रत्यक्ष पदार्थच बदलतो. फ्रान्सच्या गास्तों प्लांटे यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत वीज काढून घेताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. भारित करताना ते पुन्हा पूर्वपदावर येते, पण सगळेच्या सगळे कधीच येत नाही. काही स्फटिक कठीण होऊन तसेच बसतात, काही द्रव्य गळून तळाशी जाते. लिथियमच्या बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात व परत येतात. या जा-ये करण्यात थोडे लिथियम ग्रॅफाइटवर जमणाऱ्या थरात कायमचे अडकते. जी वस्तू रोज घडी घालून ठेवतो व रोज उलगडतो तिच्या घड्या जशा विरत जातात, तसेच हे आहे. म्हणून बॅटरीचे आयुष्य नुसते वर्षांत मोजून चालत नाही. ती किती वेळा भरली व रिकामी केली, म्हणजे किती ‘फेऱ्या’ झाल्या, हे मोजावे लागते.

शिवाय बॅटरीत द्रव्य फार लागते. घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ × १५० = १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. त्यासाठी पन्नास किलोग्रॅमांहून अधिक वजनाचे शिसे, आम्ल व डबा उचलून आणावा लागतो.

साठवलेल्या युनिटाचा भाव

बॅटरीवर लिहिलेले सारे युनिट वापरायचे नसतात. शिशाची बॅटरी रोज पूर्ण उपसली तर ती लवकर मरते. निम्मीच वापरावी. म्हणजे १.८ पैकी ०.९ युनिट. अशा १,२०० फेऱ्या मिळतात असे धरू. रोज एक फेरी केली तर ही झाली सव्वातीन वर्षे. एकूण ०.९ × १,२०० = १,०८० युनिटे. बॅटरीची किंमत १६,००० रुपये समजा. जुनी मोडीत देऊन ४,००० परत आले. उरले १२,०००. भागाकार केला तर साठवणीचाच खर्च युनिटला सुमारे ११ रुपये ११ पैसे. शिवाय अशा बॅटरीत शंभर युनिटे घातली तर ऐंशीच परत मिळतात, म्हणून तयार करण्याचा भाव २.६७ ऐवजी ३.३४ रुपये पडतो. बेरीज साडेचौदा रुपयांच्या आसपास! आणि पाच युनिटांसाठी अशा सहा बॅटऱ्या लागतील, त्या वेगळ्या खोलीत हवेशीर ठेवाव्या लागतील. भारित होताना त्यांतून हायड्रोजन वायू निघतो, हे विसरू नका.

आता दुसऱ्या कोटेशनातील लिथियमची बॅटरी. घरगुती वापरासाठी बहुधा लिथियम-लोह-फॉस्फेट या प्रकारची देतात. पाच युनिटांपैकी साडेचार बिनधास्त वापरता येतात. दहा वर्षे रोज एक फेरी धरली तर ३,६५० फेऱ्या. बॅटरी हळूहळू थकते हे लक्षात घेऊन आपण एकूण १५,००० युनिटे धरू. दोन कोटेशनांतील फरक १,३०,००० रुपये, हाच साठवणीचा खर्च. भागिले १५,००० म्हणजे युनिटला ८ रुपये ६७ पैसे. शंभरातली नव्वद युनिटे परत मिळतात असे धरले तर तयार करण्याचे २.९७ रुपये. बेरीज ११ रुपये ६४ पैसे. पॅनेलचे अनुदान धरले तरी साडेदहा रुपये. बॅटरी जोडली म्हणून ते अनुदान वाढत नाही.

आता चित्र स्पष्ट झाले. उन्हातली वीज अडीच-पावणेतीन रुपयांची. तीच दुपारहून रात्रीपर्यंत ठेवली की साडेअकरा रुपयांची. म्हणजे दुपारी विजेचा जो भाव, त्याच्या तिपटीहून अधिक भाडे ती काही तास ठेवण्याला!

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लिथियमच्या बॅटरीचाही भाव झपाट्याने उतरत आहे. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक युनिट साठविण्याच्या बॅटरीला २०१० मध्ये जागतिक बाजारात हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ मध्ये हा भाव सरासरी ११५ डॉलरांपर्यंत खाली आला. घरी येईपर्यंत त्यात पेटी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, वाहतूक, कर आणि व्यापाऱ्याचा नफा मिळतो, तो भाग वेगळा. तरीही वरच्या हिशेबातले १,३०,००० उद्या ६५,००० झाले, तर रात्रीचे युनिट सव्वासात रुपयांवर येईल. तेव्हा या लेखातली रीत लक्षात ठेवा, आकडे त्या त्या वेळचे घाला.

वीज कंपनी नावाचा हौद

“मग पहिल्या कोटेशनात बॅटरीच नाही. रात्री काय करायचं?” मुलाने विचारले.

तेथे साठवणीचे काम नेट मीटर करतो. दुपारी आपल्याला नको असलेली वीज तारांतून बाहेर जाते आणि शेजारच्या घरांत, दुकानांत तत्क्षणी वापरली जाते. मीटर ती आपल्या नावावर जमा करतो. रात्री आपण तारांतून वीज घेतो, ती नावे पडते. महिन्याअखेर वजाबाकी होते. प्रत्यक्षात कोठेही काही साठलेले नाही. फक्त हिशेब साठला आहे. आणि हिशेब साठवायला शिसे लागत नाही की लिथियम!

त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. अनुदान वजा जाता पहिल्या कोटेशनाचे ७०,००० रुपये होतात, दुसऱ्याचे २,००,०००. स्थिर आकार सोडून बिलातले महिन्याला सुमारे २,००० रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला २४,०००. पहिला खर्च तीन वर्षांच्या आत भरून निघतो. आणि दुसरा? बचत तेवढीच, २४,०००! नेट मीटर असताना बॅटरी बिलात एक पैचीही अधिक बचत करीत नाही, उलट तिच्यातून होणाऱ्या नासाडीने किंचित कमीच. म्हणून दुसरा खर्च भरून यायला आठ वर्षांहून अधिक लागतात. तोवर बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आलेली असते. त्यातून वरचे १,३०,००० कर्जाऊ काढले आणि व्याज ८ टक्के असले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच १०,४०० रुपये.

येथे आणखी एक बारकावा आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच अधिक. पॅनेलने वाचविलेली युनिटे वरून, म्हणजे महाग टप्प्यातून, कमी होतात. या घराने एकच किलोवॅट लावला असता तर महिन्याची सुमारे ११२ युनिटे वाचली असती आणि ती जवळजवळ सगळी महाग टप्प्यातली. दुसरा किलोवॅट स्वस्त टप्प्यातली वाचवितो. म्हणून ‘जितकी अधिक पॅनेल तितका अधिक फायदा’ हे सरसकट खरे नाही.

नेट मीटरचा हा हौदही अथांग नाही. गावातल्या सर्वांनीच दुपारी वीज बाहेर सोडली तर ती घेणार कोण? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नेमके हेच झाले. तेथे छपरे इतकी भरली की एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना बाहेर सोडलेल्या विजेचा मोबदला पुष्कळच कमी केला गेला. त्यानंतर तेथील लोक पॅनेलबरोबर बॅटरीही घेऊ लागले. ऊन तेच, पॅनेल तीच. नियम बदलला आणि हिशेब फिरला. म्हणून कोटेशनावर सही करण्यापूर्वी आपल्या वीज कंपनीचा त्या वेळचा नियम वाचलाच पाहिजे.

भर दुपारी अंधार!

आता व्यापारी सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट. मी स्वतः घरी पॅनेल बसविली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात भर दुपारी वीज गेली. बाहेर रणरणते ऊन, गच्चीवर पॅनेल चकाकताहेत आणि घरातले पंखे बंद! बसवून देणाऱ्याने याची कल्पना दिली नव्हती. मी पदार्थविज्ञान शिकवितो, तरी मलाही ते विचारायचे सुचले नव्हते. घरच्यांच्या थट्टेला काही दिवस तोंड द्यावे लागले.

कारण साधे आहे. तारांना जोडलेला इन्व्हर्टर आपला प्रत्यावर्ती प्रवाह तारांतल्या प्रवाहाशी ताल जुळवून चालवितो. बाहेरचा पुरवठा गेला की तो स्वतःहून बंद पडतो. तसे झाले नाही तर आपली वीज बाहेरच्या तारांत शिरेल आणि तार मेली आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणजे हा दोष नव्हे, ही सुरक्षेची सोय आहे. परंतु यावरून इतके कळते की नुसती पॅनेल बिल कमी करतात. पुरवठा गेल्यावर दिवे लावीत नाहीत. ते काम बॅटरीचे.

तेव्हा खरा प्रश्न असा की, अंधार किती तासांचा? मुलाच्या घरी उन्हाळ्यात संध्याकाळी कधी कधी चार तास वीज जाते. त्या वेळी काय लागते? ९ वॅटचे तीन दिवे, ७० वॅटचे दोन पंखे आणि इंटरनेटची १० वॅटची पेटी. बेरीज १७७ वॅट. चार तासांचे झाले ७०८ वॅट-तास, म्हणजे ०.७ युनिट. पाच नव्हे! आणि १५० अँपिअर-तासांच्या एका साध्या बॅटरीतून निम्मी वापरली तरी ०.९ युनिट मिळते. इन्व्हर्टरची गळती वजा केली तरी काम भागते. त्यांच्या घरी जुना इन्व्हर्टर होताच, बॅटरी तेवढी थकलेली. ती नवी घेतली की १६,००० रुपयांत प्रश्न सुटला. दोन पंखे ३० वॅटचे नव्या धर्तीचे घेतले तर गरज १७७ वरून ९७ वॅटांवर येते. न लागणारी वीज साठवावी लागत नाही, हे सर्वांत स्वस्त साठवण समजावे. अशी बॅटरी रोज उपसली जात नाही, कधीमधीच लागते, म्हणून तिला युनिटच्या भावात मोजणेही बरोबर नाही. ती विम्यासारखी आहे.

बॅटरी मोठी केव्हा घ्यावी?

बॅटरी घेऊच नये असा याचा अर्थ मुळीच नाही. जेथे विजेचा खांबच पोचलेला नाही अशा डोंगरातल्या वस्तीवर नेट मीटर कोठून येणार? तेथे तुलना दहा रुपयांच्या विजेशी करायची नसून डिझेलच्या जनित्राशी करायची. लहान जनित्र एका लिटरात साधारण तीन युनिटे देते. लिटरला ९० रुपये धरले तर युनिटला ३० रुपये, वर धूर आणि आवाज. तेथे साडेअकरा रुपयांची साठवलेली वीज स्वस्तच म्हणायची. दवाखान्यात लसी थंड ठेवायच्या असतील, घरी कोणी प्राणवायूच्या यंत्रावर असेल, तर तेथेही भावाचा प्रश्न दुय्यम ठरतो.

आणि कित्येकदा वीज साठविण्याऐवजी तिने केलेले काम साठविता येते. शेतातला सौरपंप पाहा. त्याला बहुधा बॅटरी नसते. दिवसा पाणी उपसून शेततळ्यात किंवा हौदात ठेवतो. तहान पाण्याची आहे, विजेची नव्हे!

त्या मुलाच्या वडिलांनी शेवटी पहिले कोटेशन घेतले, जुन्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी बसविली आणि ताईची फी जागच्या जागी राहिली. हिशेबाचा कागद मुलानेच त्यांच्यापुढे ठेवला होता. “शिंप्याचा मुलगा आहे, माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही एवढं त्याला कळतं,” असे ते मला नंतर म्हणाले.

तुम्हीही माप घ्या

१. एक आठवडा रोज सकाळी सात व संध्याकाळी सहा वाजता घरचा मीटर वाचून लिहा. दिवसाची व रात्रीची युनिटे वेगळी काढा.

२. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिटे, हा तुमचा सरासरी भाव. शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात पडते तेही पाहा.

३. वीज गेल्यावर जी उपकरणे चाललीच पाहिजेत त्यांचे वॅट मांडून तासांनी गुणा. किती बॅटरी लागेल ते कळेल.

४. कोणत्याही बॅटरीच्या जाहिरातीत चार आकडे शोधा : किंमत, युनिटे, त्यांपैकी किती टक्के वापरता येतात आणि फेऱ्या किती. किंमतीला उरलेल्या तिन्हींच्या गुणाकाराने भागा. जाहिरातीत चारही आकडे नसतील, तर विक्रेत्याला विचारा. वर्गात प्रत्येकाने आपल्या घरचा हिशेब फळ्यावर मांडला तर शिक्षकांनाही एक तास पुरणार नाही!